गावठी आणि कलमी

मार्डीच्या बांधावर दोन बोरी आहेत.
मधलं अंतर म्हणाल तर
एक लुगडं वाळत घालावं एवढं.
एक गावठी, दिवाळी सरली की पिकायला लागणारी.
दुसरी कलमी, संक्रांतीनंतर
कोंबडीच्या अंड्याएवढी फळं देणारी.

माशी मात्र एकच होती म्हणतात, आधी.
तांदळाच्या दाण्याएवढी, पंखांवर पिवळट पट्टे.
तिला कुणी हाकललं नाही.
मध्ये डोंगर उठला नाही, नदी घुसली नाही,
सीना आपल्या वाटेनं कोरडीच राहिली.
कधीतरी कुणा एकीनं
चुकून, किंवा भुकेनं,
कलमी बोरात अंडं घातलं.

हत्तुरे सरांनी मला हे शिकवलं नाही,
मोजायला लावलं.
पाच हिवाळे, दर रविवारी, स्टँडवरून पहिली गाडी,
पिशवीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या,
झाकणांना भोकं.
किडकी बोरं मागणारी बाई म्हणून
बांधाचा मालक सिद्राम हसायचा,
"काय मोजूलालीस गं? किडे?"
होय, किडे.

गावठीतली अळी मातीत उतरते, कोष करते,
वर्षानं बरोबर दिवाळीमागं उठते.
कलमीतली अजून दीड महिना झोपून राहते.
उठली की ज्यात जन्मली त्याच फळाचा वास धरते,
त्याच फळावर जोडा जमतो.
बोरच माहेर आणि बोरच मांडव.

आमच्या घरी माग एक होता, गादी एक.
नाना रात्रपाळीला, चिन्नायना दिवसपाळीला.
सोळा वर्षं ती गादी थंड पडली नाही.
दोघे सख्खे भाऊ जिन्यात तेवढे भेटायचे,
एकाच्या भुवयांवर कापसाची भुकटी,
दुसऱ्याच्या अंगाला साबणाचा वास.
"तिन्नावा?"
"तिन्नानु."
मी हे सरांना सांगितलं.
त्यांनी चष्मा काढला.
माशांचं माणसांना लावू नये, यमूल.
ते पाळी बदलून घेऊ शकत होते.
शकत होते, मी म्हटलं.

सर कधी 'जात' म्हणत नसत, प्रजाती म्हणत.
त्या दुसऱ्या शब्दानं
आधीच पुष्कळ नासलंय, म्हणायचे.

चौथ्या वर्षी दोघींना एका पेटीत सोडलं.
जाळी, चाळीसचा बल्ब,
एका कोपऱ्यात फ्रीजमध्ये जपलेली गावठी बोरं,
दुसऱ्यात कलमी.
भिंत नाही.
संध्याकाळपर्यंत दोन घोळके झाले,
लग्नात न सांगता होतात तसे.
तरी अकरा जोड्या चुकल्या.
'चुकल्या' माझ्या वहीत आहे,
खोडलेला, आणि वर बारीक अक्षरात
'जमल्या'.

त्यांची पिल्लं मी डोळ्यांत तेल घालून राखली.
ती उठली पुढच्या मार्गशीर्षाच्या अखेरीला,
गावठी झडून गेलेलं,
कलमी अजून हिरवं, दगडासारखं.
पंख ठीक. भूक ठीक.
दिवस चुकलेला.
एकेक बरणी उघडून
मी त्यांना बांधावर सोडलं.
आणखी काय करणार.

एक कलमीच्या हिरव्या फळावर बसली.
मागची सुई टेकवली, टोचलं,
परत टोचलं.
फळानं घेतलं नाही.
मग ती वरच्या अंगाला उडाली,
तिथं एक तिसरं झाड आहे,
बियांतून आपोआप आलेलं, तुरट,
ना गावठी ना कलमी, कधी पिकतं कुणी बघितलेलं नाही.
सिद्रामला ते तोडायचंय, ट्रॅक्टर वळत नाही म्हणतो.
कुऱ्हाड खाली ठेव, मी म्हटलं,
एक हिवाळा थांब.
तो म्हणाला, "बघू की."